मनगटातला वाघ

अश्वजित रामटेके गुरुजींचं उजवं मनगट मोडलं ते जानेवारीच्या पहिल्या शनिवारी, दुपारी बारा वाजून एकेचाळीस मिनिटांनी, नागभीडपासून नऊ किलोमीटरवर. वेळ आणि जागा इतकी नेमकी सांगता येते याला कारण आहे. पण ते सरकारी कारण असल्यामुळे कळायला अडीच महिने लागले. कसं मोडलं हे मात्र आत्ताच सांगून टाकलेलं बरं. पुढे या हकिकतीत खरं बोलणारं माणूस बराच वेळ भेटणार नाही.

गुरुजी मोहटोल्याच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक. वय त्रेपन्न. दर सोमवारी परिपाठानंतर ‘मोबाईल हा खिशातला शत्रू’ या विषयावर ते सात मिनिटं बोलत आणि मुलं ते सात मिनिटं ऐकत, कारण आठव्या मिनिटाला घंटा असे. डिसेंबरात त्यांनी बॅटरीवरची निळी स्कूटर घेतली. त्याच आठवड्यात डी.एड.च्या जुन्या सोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर श्रीहरी नावाच्या वर्गमित्रानं स्वतःचा फोटो टाकला: मोटारीला टेकलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, नजर कुठेतरी दूर. फोटोखाली बेचाळीस जणांचे अंगठे. हा श्रीहरी परीक्षेत गुरुजींच्या मागच्या बाकावर बसून पास झालेला. मोटार सहन झाली असती. ती नजर सहन झाली नाही.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटल्यावर घरी येताना गुरुजींनी जंगलातल्या रस्त्यावर स्कूटर उभी केली, मोबाईल किलोमीटरच्या दगडावर टेकवला, दहा सेकंदांची वेळ लावली आणि धावत जाऊन स्कूटरवर बसले. एक पाय खाली, एक पाय वर, नजर दूर. पहिल्या फोटोत नुसती स्कूटर आली. दुसऱ्यात गुरुजींची पाठ. तिसऱ्यात डोळे मिटलेले. माणूस एकदा या नादाला लागला की थांबत नाही हे ते मुलांना दर सोमवारी सांगत आले होते, आणि ते खरं होतं. सतराव्या खेपेला बुटाचं टोक स्कूटरच्या स्टँडमध्ये अडकलं. स्कूटर एकीकडे पडली, गुरुजी दुसरीकडे, आणि सगळा भार घ्यायला उजवा हात पुढे झाला.

त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की डाव्या हातानं सतराही फोटो पुसून टाकले. मग ते दगडाजवळ बसून राहिले.

पंधराएक मिनिटांनी जाफरभाईंचा छोटा टेम्पो आला. जाफरभाई म्हणजे गुरुजींचे शेजारी. नागभीडला हार्डवेअरचं दुकान. कुठल्याशा शेतावर पाइप पोचवून परत येत होते. माणूस सोन्यासारखा, पण कोणतीही गोष्ट अर्धी ऐकली की उरलेली स्वतः पुरी करायची सवय.

“काय झालं गुरुजी?”

“काही नाही. एकदम आडवं आलं.”

“काय आडवं आलं?”

जाफरभाईंनी दोन्ही बाजूंच्या झाडीकडे पाहिलं, आवाज उतरवला आणि विचारलं, “वाघ?”

आता हा प्रश्न पुण्यात कोणी विचारला असता तर माणूस हसला असता. चंद्रपूर जिल्ह्यात याला ‘नाही’ म्हणायचं असेल तर दुसरं उत्तर तयार असावं लागतं. रानडुक्कर चाललं असतं, नीलगाय चालली असती. पण मनगटातून कळा येत असताना गुरुजींना दुसरं जनावर वेळेवर सुचलं नाही. ते नुसते जाफरभाईंकडे पाहत राहिले. आपल्याकडे एवढा वेळ नुसतं पाहिलं म्हणजे ‘हो’.

“बोलू नका तुम्ही,” जाफरभाई म्हणाले. “दम खा. मी समजलो.” आणि त्यांनी टेम्पोच्या दोन्ही काचा वर केल्या.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात खिडकीतल्या माणसानं केसपेपर पुढे ओढला. “कशानं पडले?”

“वाघानं,” जाफरभाई म्हणाले.

खिडकीतल्या माणसानं केसपेपर बाजूला ठेवला आणि खालच्या खणातून गुलाबी फॉर्म काढला. गुरुजींनी खुलासा करायला तोंड उघडलं होतं, नाही असं नाही. पण नेमक्या त्याच क्षणी डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि त्या उघड्या तोंडातून जे बाहेर पडलं ते निवेदन म्हणून लिहून घेण्यासारखं नव्हतं.

हाडांच्या डॉक्टर म्हणजे डॉ. निशात. वयानं लहान, बोलायला सरळ. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं, “मनगटात काजूएवढं एक हाड असतं. ते मोडलंय. बाकीच्या हाडांना रक्त पुढच्या दारानं जातं, याला मागच्या दारानं येतं. म्हणून हे जुळायला फार वेळ घेतं. कधीकधी जुळतच नाही. सहा आठवडे प्लास्टर, मग बघू. नाही जुळलं तर ऑपरेशन करून स्क्रू घालावा लागेल.”

“चौदा एप्रिलपर्यंत होईल ना?”

“चौदा एप्रिलला काय आहे?”

काय आहे ते गुरुजींच्या चेहऱ्यावरून त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच दुसरा प्रश्न केला, “मिरवणुकीत तुमचं काय काम असतं?”

“ढोलकी,” गुरुजी म्हणाले.

बावीस वर्षं जयंतीच्या मिरवणुकीत गाणाऱ्या मंडळींबरोबर ढोलकी गुरुजींचीच. विहारापासून बसस्टँडच्या चौकापर्यंत ती गळ्यात, आणि चौकात दहा मिनिटं फक्त तिची. ढोलकीची बारीक आवाजाची पुडी उजव्या हाताला असते, आणि बोल काढायचं काम बोटांचं वाटलं तरी ते मनगटाचं. गुरुजींच्या मागे वारलू नावाचा एक जण आठ वर्षांपासून टपून होता. तो ढोलकी वाजवत नसे, बडवत असे. त्याच्या हातात ढोलकी गेली तर परत येणार नाही, ही गुरुजींची खरी दुखापत. मनगट हे तिचं फक्त ठिकाण.

प्लास्टर कोपराखालून निघालं आणि अंगठ्याच्या टोकाशी थांबलं. अंगठा सरळ वर. त्यामुळे पुढचे तीन महिने गुरुजी दिसेल त्याला शाबासकी देत असल्यासारखे हिंडले. केंद्राच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, निरक्षरांच्या सर्वेक्षणाचं जादा काम कोण घेईल? बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या. गुरुजींनीही घातली, अंगठा वर राहिला. अकरा गावांचं सर्वेक्षण त्यांच्या नावावर लागलं.

घरी कांताबाईंनी एकच चौकशी केली. “वाघ कोणत्या अंगानं आला?”

“डावीकडून.”

“डाव्या अंगाले तं तलाव हाय.”

“म्हणजे येताना डावीकडून. तुझ्या हिशोबानं उजवीकडून.”

कांताबाई पुढे काही बोलल्या नाहीत. सव्वीस वर्षांच्या संसारात त्या न बोलणं दोन प्रकारे करायला शिकल्या होत्या, आणि हा दुसरा प्रकार होता.

शेजाऱ्यांनी मात्र बोलणं थांबवलं नाही. मोडलेलं हाड हे आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयासारखं असतं. येणारा जाणारा हक्कानं आत येतो. एकानं हाडजोडीची वेल आणली आणि प्लास्टरवरूनच गुंडाळली. एकानं टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल प्लास्टरला चोळलं, ते आत झिरपलं नाही, पण घरभर वास राहिला. जाफरभाईंच्या घरून दर शुक्रवारी पायाचा रस्सा येई. “सुलतानानं खास तुमच्यासाठी केला,” जाफरभाई बायकोचं नाव घेऊन म्हणत, आणि रस्सा थंड होईपर्यंत बसलेल्या मंडळींना वाघ सांगत. पहिल्या शुक्रवारी वाघ रस्त्याच्या कडेला होता. दुसऱ्या शुक्रवारी तो स्कूटरला घासून गेला. तिसऱ्या शुक्रवारी गुरुजींनी त्याच्या डोळ्यांत डोळे घातले होते.

दहाव्या दिवशी पंचनाम्याला वनरक्षक दसरू मडावी आला. हा गुरुजींचाच जुना विद्यार्थी. पाढ्यांत कच्चा, पण जंगलातलं पान हललं तरी का हललं ते सांगणारा. त्यानं फॉर्म मांडीवर घेतला.

“पंजा लागला का सर?”

“नाही.”

“दात?”

“नाही रे.”

“मंग हल्ला नाई लिहिता येत. ‘हल्ल्याचा प्रयत्न’ लिहितो. फॉर्मात दोनच खाने हायत. नर होता का मादी?”

“ते पाहण्याच्या स्थितीत मी नव्हतो.”

दसरूनं तसंच्या तसं लिहून घेतलं. मग पेन बंद करता करता म्हणाला, “सर, मी तठी जाऊन पाह्यलं. पगमार्क नाई भेटला. बुटाचेच निशान हायत. एकाच जागेवरून येऊन राह्यले, जाऊन राह्यले. गंजच, मोजताच नाई येत.”

“घाबरल्यावर माणूस कुठेही धावतो,” गुरुजी म्हणाले.

“बराबर,” दसरू म्हणाला, आणि तेही लिहिलं.

इथपर्यंत गुरुजींनी ‘वाघ’ हा शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारला नव्हता, आणि ही बारीक सोय ते मनाशी जपून होते. ती सव्वीस जानेवारीला गेली. मोहटोल्याच्या ग्रामपंचायतीनं झेंडावंदनानंतर शाल, नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. नारळ प्लास्टरच्या हातात राहीना म्हणून तो कांताबाईंनी धरला. सरपंचांनी दोन शब्द बोलण्याची विनंती केली. समोर दोनशे माणसं, पुढच्या रांगेत सगळी शाळा, आणि श्रीहरीच्या गटासाठी जाफरभाईंचा मोबाईल सुरू. गुरुजी बोलायला उभे राहिले ते वाघावर अकरा मिनिटं बोलले. शेपटीचं वर्णनसुद्धा केलं. खाली बसले तेव्हा कांताबाई हातातल्या नारळाकडे पाहत होत्या. गटावर एकोणसत्तर अंगठे पडले. श्रीहरीनंही एक दिला.

प्लास्टरच्या आत खाज सुटते, हे डॉक्टर सांगत नाहीत. गुरुजींनी आधी फूटपट्टी घालून पाहिली, मग विणायची सुई, शेवटी पेनातली लाल रिफिल. रिफिल उत्तम चालली. ती इतकी आत गेली की परत आली नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे झाला. मोडलेल्या हाडाची फट तशीच होती, आणि तिच्या शेजारी एक बारीक, टोकदार, चकचकीत वस्तू होती.

“दोन रस्ते आहेत,” डॉ. निशात म्हणाल्या. “आणखी सहा आठवडे प्लास्टर किंवा स्क्रू. माझं मत अजून पक्कं नाही. पण माझ्या मताला विचारतंय कोण? तुमची केस वन्यप्राण्याची. ऑपरेशन करायचं की नाही हे वैद्यकीय मंडळ ठरवणार. मंडळाला वनविभागाचा अंतिम अहवाल लागतो. तोपर्यंत प्लास्टर काढायचं नाही, त्याची पुराव्यात नोंद आहे.”

“प्लास्टर पुरावा?”

“वाघाचा.” त्यांनी एक्स-रे पुन्हा पाहिला. “आणि ही रिफिल निळी की लाल?”

“लाल,” गुरुजी म्हणाले. “मी मुख्याध्यापक आहे.”

डॉ. निशात यांना कळलं ते मंडळाला कळलं नाही. मंडळावर तीन जागा. एक जण बदलून गेलेला, एक रजेवर, आणि उरलेल्या एकानं एक्स-रेवर शेरा मारला: ‘मनगटात परकीय वस्तू दिसते. वन्यप्राण्याच्या नखाचा अथवा दाताचा तुकडा असल्याची शक्यता पडताळावी.’ फाईल वनविभागाकडे गेली. वनविभागानं विचारलं, नमुना कुठे आहे? मंडळानं कळवलं, प्लास्टरच्या आत. वनविभागानं कळवलं, नमुना मिळाल्याशिवाय अंतिम अहवाल देता येत नाही. मंडळानं कळवलं, अंतिम अहवालाशिवाय प्लास्टर काढता येत नाही. गुरुजी वैतागून ब्रह्मपुरीला खासगी डॉक्टरकडे गेले. त्यांनी कागद वाचला, ‘वाघ’ या शब्दाशी थांबले आणि तो दोन बोटांनी परत दिला. “तिकडचं मिटू द्या. मग या.”

दरम्यान गुरुजी डाव्या हातानं सह्या करत होते. दर दिवशी सही वेगळी येई. शाळेत पोषण आहार शिजवणारी इतवारीबाई तांदळाच्या नोंदवहीवर ती सही पाहून म्हणाली, “सर, याच्यापेक्षा माझा अंगठा बरा दिसते.” गुरुजींनी बावीस वर्षं मुलांच्या वह्यांवर ‘अक्षर सुधारा’ लिहिलं होतं. आता पाचवीतली मुलं फळ्याकडे पाहून एकमेकांना कोपरानं ढोसत.

मार्च उजाडला. विहारात तालमी सुरू झाल्या आणि गुरुजी तिथे कोपऱ्यात बसून अंगठा वर करून ऐकू लागले. वारलू बडवत होता. “चांगलं चाललं ना गुरुजी?” तो अंगठ्याकडे पाहून विचारी. “पसंत हाय म्हनून गुरुजी सांगून राह्यले सगळ्याईले.”

आणि मार्चच्या मध्यात मोह गळायला लागला.

मोहाची फुलं पहाटे गळतात. ज्याची त्याची झाडं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. माणसं उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन जातात आणि ऊन चढायच्या आत वेचून परत येतात. पंधरा-वीस दिवसांचा खेळ. नाही वेचली तर हरणं खातात, डुकरं खातात. इतवारीबाईची चार झाडं होती. ती नवव्या किलोमीटरच्या दगडामागे होती.

एका सकाळी ती शाळेत भात चढवताना दिसली, तेव्हा गुरुजी सहज म्हणाले, “इतवारीबाई, यंदा मोह कसा काय आहे?”

“मोह बेस हाय सर. आमी नाई आवो तठी.” तिनं तांदूळ निवडणं थांबवलं नाही. “जंगलाच्या नाकेदारानं बोर्ड लावला. वाघाचा वावर. सकाळी कोनाले जाऊ देऊन नाई राह्यले. मोहटोल्याचे चाळीस घरं बसून हायत.”

“कधीपासून?”

“आठ रोज झाले. माझी सासू त्या झाडाईखाली मोह येचत म्हातारी झाली. तिले वाघ दिसला ना, तं ती उभी राहे, तो जाये. तुमच्या वाघासारखा कोनता वाघच नाई पाह्यला आमी.” मग तिनं मान वर केली. आवाजात राग नव्हता, हीच अडचण होती. “तुमच्या वाघानं आमचा मोह खाल्ला सर.”

गुरुजी कार्यालयात जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी एकही सही केली नाही. घरी आल्यावर कांताबाईंना म्हणाले, “वाघ नव्हता.”

“मले मालूम हाय.”

“कधीपासून?”

“डाव्या अंगाले तलाव निघाला तवापासून. तुमी कवा सांगता तेच पाहून राह्यली होती.”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वनविभागाच्या कचेरीत डाव्या हातानं लिहिलेला अर्ज दिला: ‘दिनांक चार जानेवारी रोजी मला वाघ दिसला नाही. मी स्वतःच्या चुकीने पडलो. तरी बोर्ड काढावा ही विनंती.’ साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. हस्ताक्षरामुळे पहिल्यांदा लागला नव्हता.

“गुरुजी, वाघ होता याचा पंचनामा आहे, सत्काराची बातमी आहे, भाषणाचा व्हिडिओ आहे, वैद्यकीय मंडळ म्हणतं नखही आहे. वाघ नव्हता याचा काय पुरावा आहे?”

“मीच सांगतोय ना.”

“तुम्हीच आधी होता म्हणून सांगितलं. तुमच्यावर किती वेळा विश्वास ठेवायचा?” साहेबांनी अर्जावर ‘पुराव्यासह यावे’ लिहिलं. “वाघ होता म्हणायला काही लागत नाही, गुरुजी. नव्हता म्हणायला लागतं. उद्या बोर्ड काढला आणि तिथे कोणाला काही झालं, तर ते माझ्या नावावर.”

साहेबांचं अगदीच चूक होतं असंही नाही, आणि त्यामुळे गुरुजींना आणखी वाईट वाटलं.

बाहेर दसरू स्टँडवर लावलेल्या मोटारसायकलवर बसला होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. “सर, एक सांगू का? त्या दगडासमोर येनाचं झाड हाय ना, त्याले जानेवारीत आपला कॅमेरा होता. वाघाच्या गणतीचा. कोनी पुढून गेलं की आपोआप फोटो काढते.”

गुरुजी दोन पावलं जवळ सरकले. “मग आतापर्यंत कोणी पाहिलं कसं नाही?”

“संगणक फोटो वेगळे वेगळे करते. वाघ, बिबट, अस्वल, मानूस. वाघाचा खाना साहेबानं पाह्यला, त्या दिवशी रिकामा निघाला. तं त्याईनं लिहिलं, वाघ कॅमेऱ्याच्या मागून गेला असन. मानसाचा खाना कोनीच नाई उघडत.” त्यानं मोबाईल काढला. “म्या काल उघडला. एकशे चार फोटो हायत. सतरा खेपा मारल्या सर तुमी.”

त्यानं मोबाईलवर ते फोटो दाखवले. प्रत्येकाच्या खाली तारीख, वेळ आणि तापमान. बारा एकोणीसला एक मुख्याध्यापक धावताना. बारा वीसला बसलेला. बारा एकवीसला परत धावताना. बारा एकेचाळीसला तो जमिनीला समांतर होता. दोन्ही पाय हवेत, चेहऱ्यावर दूर पाहण्याचा भाव अजून शिल्लक.

“कोनाले मालूम नाई अजून,” दसरू म्हणाला. “मिटवून टाकू का? बोर्ड मोह संपला की निघूनच जाते. तुमचं नाव राहीन.”

गुरुजींनी तो समांतर फोटो पुन्हा पाहिला. हेही खरंच होतं: मोह संपला की बोर्ड निघाला असता, मंडळानं कधीतरी काहीतरी ठरवलं असतं, शाल घरी होतीच. फक्त चाळीस घरांच्या टोपल्या यंदा उलट्या पडून राहिल्या असत्या. आणि भात वाढताना इतवारीबाई दररोज समोर आली असती, तीही न रागावता.

“छापील लागतील ना?” त्यांनी विचारलं.

“मोबाईलवरचे नाई चालत. कागदावर, साक्षांकित करून.”

साक्षांकित करायला मुख्याध्यापकाची सही चालते. स्वतःच्या पडण्याच्या फोटोंवर स्वतःच ‘खरी प्रत’ असं डाव्या हातानं लिहिणारे ते बहुधा पहिलेच. दर खेपेचा एक असे सतरा फोटो बसस्टँडच्या झेरॉक्सच्या दुकानात छापले. नागभीडला त्या दुकानात एखादी गोष्ट छापणं म्हणजे ती दवंडीवाल्याच्या हातात देणं. सतरा फोटो साहेबांच्या टेबलावर पोचायच्या आत गावभर झाले.

संध्याकाळी जाफरभाई आले. रस्सा आणला नव्हता.

“मले तं सांगायचं होतं गुरुजी,” ते म्हणाले. “तुमच्यासाठी मी किती वाघ सांगितला. डोळ्यांत डोळे घातले म्हणालो. आता दुकानात गिऱ्हाईक येते तं नटबोल्ट नाही मागत, वाघ मागते.”

“माझं चुकलं जाफरभाई.”

“चुकलं तं माझंही. तुम्ही कुठे बोलले होते?” ते उठून दारापर्यंत गेले. मग त्यांना राहवलं नाही. “पण सतरा खेपा?”

सोमवारच्या परिपाठानंतर गुरुजी उठले आणि म्हणाले, “मोबाईलबद्दल मी जे सांगत होतो ते तुम्ही पाहिलंच आहे.” भाषण तिथेच संपलं. मुलांनी पहिल्यांदा ते घंटेकडे न पाहता ऐकलं.

बोर्ड त्याच आठवड्यात निघाला. मोहाचे दहा-अकरा दिवस हाती लागले. इतवारीबाईनं धन्यवाद वगैरे काही म्हटलं नाही. एके दिवशी तिनं गुरुजींच्या टेबलावर वाळलेल्या मोहफुलांची पुडी ठेवली आणि म्हणाली, “भाजून खा. हाडाले चांगलं असते.”

आणि मार्च संपता संपता वैद्यकीय मंडळाचं पत्र आलं: ‘सदर घटना घडली नसल्याचे वनविभागाने कळविले आहे. सबब सदर घटनेत झालेली इजाही झाली नसल्याचे मानून प्रकरण बंद करण्यात येत आहे.’ गुरुजींनी ते पत्र प्लास्टरच्या हातावर तोलून धरून वाचलं.

“इजा झालेली नाही, म्हणजे आता तुम्ही माझे,” डॉ. निशात म्हणाल्या आणि त्यांनी प्लास्टर कापलं. आतून लाल रिफिल, थोडा खडू आणि विणायच्या सुईचं टोपण बाहेर पडलं. हात दुसऱ्या कोणाचा तरी असावा असा दिसत होता. एक्स-रे आला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला, चष्मा काढला, परत लावला.

“जुळलंय.”

“हाड?”

“हाड. सहाव्या आठवड्याला मंडळानं होकार दिला असता तर कदाचित मी स्क्रू घातला असता. त्यांनी काहीच ठरवलं नाही. तुमची फाईल फिरत राहिली आणि हाड एका जागी बसून राहिलं.” त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला. “हे बाहेर सांगू नका. पुढच्या पेशंटलाही ते हेच औषध देतील.”

मनगट जुळलं होतं, पण वळत नव्हतं. डॉक्टरांनी कोमट पाणी, रबरी चेंडू आणि सबुरी सांगितली. चौदा एप्रिलला पंधरा दिवस उरले होते. गुरुजींनी चेंडू दाबला, पोळपाटावर बोल वाजवले, इतके की कांताबाईंनी दुसरा पोळपाट आणला. बोल येत होते, पण प्रत्येक बोल जरा उशिरा येत होता. पाहुणा दारात चपला काढत थांबावा तसा.

जयंतीच्या दिवशी विहारापाशी वारलूनं ढोलकी गळ्यात घातली आणि गुरुजींकडे पाहिलं. या वेळी त्यांचा अंगठा वर नव्हता. वारलूला ते पाहून काय वाटलं कोण जाणे. त्यानं मिरवणूकभर ढोलकी बडवली, घामाघूम झाला, आणि बसस्टँडच्या चौकात आल्यावर ती उतरवून गुरुजींच्या गळ्यात घातली. “दहा मिनिटं तुमची,” तो म्हणाला. “माया हात दुखून राह्यला.”

गुरुजींनी वाजवली. नेहमीपेक्षा संथ. गाणारी मंडळी आधी पुढे गेली, मग त्यांनी मागे वळून लय उतरवली आणि त्यांच्या पायाला पाय लावून चालू लागली. दहा मिनिटांची सहा झाली. सातव्या मिनिटाला मनगटानं स्पष्ट नकार दिला. पण ती सहा मिनिटं वारलू टाळी वाजवत बाजूला उभा होता, आणि इतवारीबाई मोहटोल्याच्या बायकांच्या घोळक्यात दिसली, ती हसत होती.

चौकात जाफरभाईंचा सरबताचा स्टॉल दरवर्षी असतो. गुरुजी तिथे जाऊन टेकले. जाफरभाईंनी त्यांना ग्लास दिला आणि मग मोबाईल काढला. श्रीहरीच्या गटावर आणि जाफरभाईंच्या मोबाईलवर गुरुजींनी सकाळी स्वतःच एक फोटो टाकला होता. एकशे चारांपैकी एक, बारा पस्तीसचा, बरा आला होता: स्कूटरवर बसलेले, एक पाय खाली, नजर दूर, मागे हिवाळ्यातलं जंगल. सरकारी कॅमेऱ्यानं, न मागता, अगदी मनासारखा काढला होता. खाली वनविभागाचा शिक्का आणि ‘तापमान: २४ अंश’.

जाफरभाईंनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. मग आवाज उतरवला.

“गुरुजी, हे मागं झुडपात पिवळं पिवळं काय दिसते हो? पट्टे असल्यासारखं?”

गुरुजींचा चष्मा खिशात होता.

“नाही,” ते म्हणाले.

“तुम्ही पाह्यलं तं नाही अजून.”

“नाही म्हणजे नाही,” गुरुजी म्हणाले, आणि सरबत संपवून ढोलकी परत द्यायला वारलूकडे निघाले.